दुय्यम अर्ज कोणीं लिहावा?

आपल्या समाजांत आतां असें घर विरळाच सांपडेल, कीं ज्यांतील एखादें तरी माणूस समुद्रापलीकडे स्थायिक झालेलें नाहीं. कोणाचा पुतण्या न्यू जर्सींत, कोणाची भाची टेक्सासांत, तर कोणाचा नातू तिकडेच जन्मून तिकडेच लहानाचा मोठा झालेला. ह्या नातवंडांपैकीं पुष्कळांस डॉक्टर व्हावेंसें वाटतें, आणि मग एके वर्षीं जून-जुलै महिन्यांत तिकडून इकडे एक निराळ्याच प्रकारची काळजी येऊन पोंचते. "तो सध्यां सेकंडरी लिहितो आहे, त्यास कांहीं दिवस फोन करूं नका," असें सूनबाई कळवितात. आणि इकडे आजोबांस कोडें पडतें, कीं पदवी घेतलेला हा बावीस वर्षांचा मुलगा आतां पुनः सेकंडरी शाळेंत कसा गेला!

हें कोडें उलगडून सांगावें, आणि त्याबरोबरच अशा प्रसंगीं घरांतील वडील मंडळींनीं काय करावें व काय करूं नये ह्याविषयीं आम्हांस जें वाटतें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. आम्ही वैद्य नव्हों. आमचें इंग्रजीहि बेताचेंच. परंतु तीस-पस्तीस वर्षें मुलांच्या निबंधांच्या वह्या तपासण्यांत गेलीं, आणि हा सारा प्रकार शेवटीं निबंधाचाच आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

आमच्याकडे वैद्यकाचा दरवाजा एकाच किल्लीनें उघडतो. बारावीनंतर 'नीट' नांवाची एक परीक्षा, तिचे ७२० गुण, त्या गुणांवरून लागलेला क्रम, आणि त्या क्रमानुसार मिळणारें विद्यालय. विद्यार्थी कोण, कसा, त्यानें आजवर कोणाचें दुखणें जवळून पाहिलें आहे कीं नाहीं, हें त्या परीक्षेस ठाऊक नसतें, व ठाऊक करून घेण्याची तिला गरजहि नसते. ह्या पद्धतीचा एक गुण आहे. तो असा, कीं निदान तत्त्वतः तरी गरिबाच्या मुलाचें बरोबर उत्तर श्रीमंताच्या मुलाच्या बरोबर उत्तराइतकेंच भरतें.

अमेरिकेंतील रीत निराळी आहे. तेथें वैद्यकविद्यालयांत शिरण्यापूर्वीं बहुधा चार वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्याच्या जोडीस 'एमकॅट' ही प्रवेशपरीक्षा. तिचे गुण ४७२ पासून ५२८ पर्यंत मोजतात. मग अर्ज. अमेरिकन वैद्यकविद्यालयांचा एक संघ १८७६ सालीं स्थापन झाला. ह्या संघाच्या 'अॅमकास' नांवाच्या व्यवस्थेमार्फत एकच मुख्य अर्ज भरावयाचा, म्हणजे तो आपण निवडलेल्या सर्व विद्यालयांकडे जातो. टेक्सासांतील विद्यालयांची, व ऑस्टिओपॅथी पंथाच्या विद्यालयांची, अशीच पण स्वतंत्र व्यवस्था आहे. मुख्य अर्जांत विषय व गुण, आजवर केलेल्या जास्तींत जास्त १५ कामांची यादी, आणि आपणांस वैद्य कां व्हावयाचें आहे हें सांगणारें, मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरचिन्हांच्या मर्यादेंतलें एक निवेदन असतें. हा अर्ज मेअखेरीस किंवा जूनमध्यें पाठवितात, व जूनच्या अखेरीपासून तो विद्यालयांच्या हातीं पडूं लागतो.

परंतु इतक्यानें भागत नाहीं. अर्ज पोंचला, कीं प्रत्येक विद्यालय आपले स्वतःचे प्रश्न उमेदवाराकडे उलट पाठवितें. कांहीं विद्यालयें ते सरसकट सर्वांस पाठवितात. कांहीं आधीं चाळणी लावून निवडक उमेदवारांसच पाठवितात. ह्या प्रश्नावलीस 'सेकंडरी' म्हणजे दुय्यम अर्ज म्हणतात.

नांवानें दुय्यम, पण कामानें मुळींच दुय्यम नव्हे. एकेक उमेदवार पंधरा-वीस विद्यालयांकडे अर्ज करतो. प्रत्येकाचे तीनच प्रश्न धरले तरी पन्नास-साठ उत्तरें होतात. कोठें मर्यादा शंभर-दीडशें शब्दांची, कोठें पांचशें शब्दांची. प्रश्न हातीं आल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत उत्तर जावें, असा सर्वसाधारण संकेत आहे; कारण पुष्कळ ठिकाणीं अर्ज जसजसे पुरे होतील तसतशीं मुलाखतीचीं बोलावणीं जातात, आणि १५ ऑक्टोबरपासून प्रवेशाचीं पत्रें निघूं लागतात. शिवाय प्रत्येक दुय्यम अर्जास निराळी फी. ती पुष्कळ ठिकाणीं शंभर डॉलरांच्या आसपास असते, म्हणजे वीस विद्यालयांचे दोन हजार डॉलर केवळ ह्या एका पायरीवर खर्ची पडतात. ज्यांची ऐपत नाहीं त्यांच्यासाठीं वरील संघाची साहाय्ययोजना आहे, व ती ज्यास लागू झाली त्यास अनेक विद्यालयें दुय्यम अर्जाची फी माफ करतात. परंतु त्यासाठीं वेळेवर मागणी करावी लागते. २०२४ सालीं सुमारे ५२ हजार उमेदवारांनीं अॅमकासमार्फत अर्ज केले, व सुमारे २३ हजार विद्यार्थी दाखल झाले. उरलेले निम्म्याहून अधिक उमेदवार सारेच कांहीं नालायक नव्हते.

हा एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणीहि विचारील. ह्याचें उत्तर त्या देशाच्या इतिहासांत आहे. १९१० सालीं अब्राहम फ्लेक्स्नर नांवाच्या गृहस्थांनीं अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकशाळांची पाहणी करून एक अहवाल प्रसिद्ध केला. हे गृहस्थ वैद्य नव्हते, शिक्षक होते, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळीं कित्येक शाळा जो फी भरील त्यास घेत. त्याची पूर्वतयारी कितपत आहे हें कोणी फारसें पाहत नसे. अहवालानंतर त्यांपैकीं पुष्कळ शाळा बंद पडल्या, व उरलेल्यांनीं प्रवेशाच्या अटी कडक केल्या. आज स्थिति नेमकी उलट आहे. अभ्यासानें योग्य असे उमेदवार पुष्कळ, आणि जागा थोड्या. गुणपत्रिका शेजारीं शेजारीं मांडल्या तर एकीचा दुसरीहून भेद करितां येत नाहीं. तेव्हां निवड करणारी समिति गुणांच्या जोडीस आणखी दोन गोष्टी पाहते: ह्या माणसानें आजवर काय केलें, आणि हा माणूस आहे कसा.

संस्कृत वैद्यकाचे ग्रंथ ज्यांनीं थोडेबहुत चाळले आहेत त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत, ज्यास वैद्य व्हावयाचें आहे त्यानें प्रथम शास्त्र पारखावें व मग आचार्य पारखावा, असें सांगितलें आहे. आणि त्यानंतर आचार्यानें शिष्य कसा पारखावा हें सांगितलें आहे. शिष्याच्या लक्षणांत बुद्धि व स्मरणशक्ति आहेतच. परंतु त्यांच्याच पंक्तीस निरहंकार, आळस नसणें, लोभ नसणें व सर्व प्राण्यांचें हित इच्छिणें हींहि लक्षणें बसविलीं आहेत. अमेरिकन विद्यालय आपल्या प्रश्नावलींत हेंच विचारतें: तूं कोण, आणि आमच्याकडेच कां आलास? पहिला प्रश्न म्हणजे शिष्यपरीक्षा. दुसरा म्हणजे तूं आचार्यपरीक्षा केली आहेस कीं नाहीं ह्याची चौकशी. भेद इतकाच, कीं पूर्वीं आचार्य शिष्यास समोर बसवून पाहत असे. हल्लीं तो प्रथम कागदावरच पाहावा लागतो.

प्रश्नांचे शब्द विद्यालयागणिक बदलतात, पण जाति चार-पांचच. आमचेंच विद्यालय कां निवडलें? आपल्या येण्यानें आमच्या वर्गास काय मिळेल? आपणांवर आलेलें एखादें संकट, आलेलें अपयश किंवा झालेला मतभेद सांगा, व त्यांतून कसे बाहेर पडलांत तें सांगा. पदवी घेतल्यानंतरचें मधलें वर्ष कसें घालवीत आहां? आणि शेवटीं, आणखी कांहीं सांगावयाचें राहिलें आहे काय?

पहिल्या प्रश्नास 'आपलें विद्यालय जगप्रसिद्ध आहे' हें उत्तर नव्हे. राजधानी वॉशिंग्टन येथील दोन विद्यालयें घेऊं. हॉवर्ड विद्यापीठाचें वैद्यकविद्यालय १८६८ सालीं, म्हणजे यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाल्यावर तीन वर्षांनीं उघडलें. फ्लेक्स्नरच्या काळीं कृष्णवर्णीयांसाठीं सात वैद्यकविद्यालयें होतीं. त्यांपैकीं पांच पुढें बंद पडलीं, आणि हॉवर्ड व नॅशव्हिल येथील मेहॅरी हीं दोनच टिकलीं. वैद्य ज्यांच्या वस्तींत सहसा जात नाहीं अशा लोकांची सेवा, हें ह्या विद्यालयांचें ब्रीद आहे. त्याच शहरांतील जॉर्जटाउन हें जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनीं स्थापिलेलें विद्यापीठ. रोगाची नव्हे तर सबंध माणसाची काळजी वाहावी, असा त्या पंथाचा एक दंडक आहे, व तेथील वैद्यकशिक्षणांत तो पुढें ठेविला जातो. पॅसिफिक किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठाकडे वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, माँटाना व आयडाहो ह्या पांच राज्यांसाठीं वैद्य तयार करण्याचें काम आहे. तेथें दूरदूरच्या खेड्यांतून काम करण्याची खरी इच्छा आहे कीं नाहीं हें पाहतात. आणि नॉर्थ कॅरोलायनांतील ब्रॉडी विद्यालय तर केवळ त्या राज्याच्या रहिवाशांसच घेतें.

हें सर्व न वाचतां एकच उत्तर वीस ठिकाणीं धाडणारा उमेदवार आचार्याची परीक्षा न करितांच दाराशीं उभा राहतो. घाईंत मागील विद्यालयाचें नांवहि उत्तरांत तसेंच राहून जातें. असें प्रत्यक्ष घडतें, व वाचणारा तेथेंच थांबतो.

दुसरा प्रश्न आपल्या मुलांस सर्वांत अवघड जातो. वर्गास आपण काय देणार, असें विचारतांच तीं लिहितात: आम्ही दोन संस्कृतींत वाढलों, घरीं गणपति बसतो, मी भरतनाट्यम् शिकलें. ह्यांत खोटें कांहीं नाहीं. पण हेंच उत्तर आणखी शेंकडों मुलांनीं लिहिलेलें असतें, आणि त्यावरून हा मुलगा रुग्णाशीं कसा वागेल हें कळत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका मुलानें निराळें लिहिलें. त्याची आजी नागपुराहून तिकडे राहावयास गेली असतां आजारी पडली. तेथील रुग्णालयानें दुभाषी पुरवावयाचा असतो. पण त्या दिवशीं मराठी जाणणारा कोणी मिळेना, म्हणून तो स्वतःच बसला. आजी म्हणाली, "अंगांत कणकण आहे, आणि पोटांत कसेंसेंच होतें." डॉक्टर त्याच्या तोंडाकडे पाहूं लागले. 'कणकण' म्हणजे ताप नव्हे, आणि 'कसेंसें' म्हणजे दुखणेंहि नव्हे! शेवटीं त्यानें भाषांतराचा नाद सोडला व आजीसच उलट विचारलें: पांघरूण घ्यावेंसें वाटतें कां? अन्नाचा वास नकोसा होतो कां? कधींपासून? अशा आठ-दहा प्रश्नांनंतर डॉक्टरांस कांहीं सांगण्याजोगें त्याच्या हातीं लागलें. रुग्णाचा शब्द आणि वैद्याचा शब्द ह्यांच्यामध्यें केवढें अंतर असतें, व तें कोणी तरी पायीं चालून काटावें लागतें, हें त्या दिवशीं आपणांस कळलें, असें त्यानें अडीचशें शब्दांत लिहिलें. गणपतीचा उल्लेखहि त्यांत नव्हता. तरी हें उत्तर मराठी घरांतील मुलासच लिहितां येण्यासारखें होतें.

ह्या प्रश्नाच्या बाबतींत एक बदल ध्यानांत घ्यावा. २९ जून २०२३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं उमेदवाराचा वंश पाहून त्यास प्रवेशांत झुकतें माप देऊं नये. मात्र वंशामुळें त्याच्या आयुष्यावर काय परिणाम झाला हें त्यानें स्वतः सांगितलें, व त्यांतून त्याचें धैर्य किंवा एखादी योग्यता दिसून आली, तर ती व्यक्ति म्हणून विचारांत घेण्यास हरकत नाहीं. त्यानंतर अनेक विद्यालयांनीं आपल्या प्रश्नांचे शब्द बदलले. 'मी अमुक समाजाचा' एवढें सांगून आतां भागत नाहीं. त्या समाजांत राहून मीं काय पाहिलें व काय केलें, हें सांगावें लागतें. आमच्या मतें हें पूर्वींहि तसेंच असावयास पाहिजे होतें.

येथें आपल्या घरांतील वळण आड येतें. स्वतःच्या तोंडानें स्वतःचें चांगलें बोलूं नये, असें आपण मुलांस लहानपणापासून शिकवितों, व तें योग्यच आहे. परंतु आत्मस्तुति व आत्मनिवेदन ह्यांत भेद आहे, आणि तो व्याकरणानें दाखवितां येतो. आत्मस्तुति विशेषणांनीं होते, आत्मनिवेदन क्रियापदांनीं. 'मी सेवाभावी व कष्टाळू आहें' ही स्तुति. ती कोणीहि लिहील व कोणीहि ऐकणार नाहीं. 'दोन वर्षें दर शनिवारीं चार तास मी वृद्धाश्रमांत आंधळ्या आजोबांस वर्तमानपत्र वाचून दाखविलें, आणि मृत्युवार्तांचें पान त्यांस प्रथम कां हवें असे हें मला सहा महिन्यांनीं कळलें' हें निवेदन. ह्यांत फुशारकी औषधालाहि नाहीं. तेव्हां घरांतील मुलास एवढेंच सांगावें, कीं उत्तरांतील विशेषणें खोडून पाहा. मागें कांहीं उरलें तर तें उत्तर, न उरलें तर पुनः लीहि.

संकटाच्या प्रश्नासंबंधीं दोन शब्द. खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलास ह्या प्रश्नाचा धाक वाटतो, व तो कोठून तरी दारिद्र्य उसनें आणूं पाहतो. तसें करूं नये. एखाद्या सत्रांत रसायनशास्त्रांत मार खाल्ला, प्रयोगशाळेंतील सोबत्याशीं बिनसलें व चूक आपलीच निघाली, ज्या रुग्णाजवळ रोज बसत होतों तो एके दिवशीं नाहींसा झाला. एवढें पुरे आहे. संकटाचा आकार कोणी मोजीत नाहीं. त्यानंतर काय बदललें तें पाहतात.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं: हा अर्ज लिहावा कोणीं?

प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण आपल्या एकत्र कुटुंबांत तो खराच उभा राहतो. वडील इंजिनिअर, काका प्राध्यापक, आत्या इंग्रजी घेऊन एम्. ए. झालेली, मुलाचा मसुदा ह्या सर्वांच्या हातांतून फिरतो, व प्रत्येकजण त्यांत आपलें एक वाक्य घालतो. शेवटीं भाषा अशी गुळगुळीत होते, कीं तींत मुलगा कोठें सांपडतच नाहीं. अक्षर मुलाचें व भाषा बापाची अशा वह्या आम्हीं शाळेंत पुष्कळ पाहिल्या. त्या ओळखण्यास दोन ओळी पुरत. ज्यांनीं हजारों अर्ज वाचले आहेत त्यांस एकहि पुरत असेल. आणि मुलाखतीच्या दिवशीं समोरचे गृहस्थ तेंच वाक्य पुढें ठेवून 'ह्याचा अर्थ सांगा' म्हणाले, तर उत्तर द्यावयास काका तेथें नसतात. हल्लीं तर काकांच्या जागीं यंत्रहि हजर आहे; सांगितलें तें क्षणांत लिहून देतें. वरील संघाचें म्हणणें असें आहे, कीं विषय सुचण्यासाठीं किंवा चुका काढण्यासाठीं वडीलधाऱ्यांचें वा यंत्राचें साहाय्य घ्यावें, परंतु अखेर पाठविलेलें लिखाण उमेदवाराचें स्वतःचेंच व त्याच्याच अनुभवाचें असलें पाहिजे. आमच्या मतें हा नियम काकांसहि लागू आहे.

ह्या बाबतींत आपल्याच इतिहासांतील एक दाखला बोलका आहे. आनंदीबाई जोशी ह्यांच्या शिक्षणासाठीं त्यांचे पति गोपाळराव ह्यांनीं अमेरिकन मिशनरी वाइल्डर ह्यांच्याशीं पत्रव्यवहार केला होता. त्यानें मिशनरींकडून अपेक्षित साहाय्य मिळालें नाहीं. उलट ख्रिस्ती होण्याची सूचना आली. तो पत्रव्यवहार छापला गेल्यामुळें न्यू जर्सींतील कार्पेंटरबाईंचें लक्ष मात्र वेधलें, व त्यांचा आधार मिळाला. पुढें १८८३ सालीं अठरा वर्षांच्या आनंदीबाई अमेरिकेस गेल्या. गोपाळराव तेव्हां इकडेच होते. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकविद्यालयाकडे जें अर्जाचें पत्र गेलें, तें आनंदीबाईंनीं स्वतः लिहिलें. तें अद्याप त्या शहरांत जतन करून ठेविलेलें आहे. पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलों, आणि पुरुष वैद्याकडून औषध घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस खरें वैद्यकीय साहाय्य आपणांस द्यावयाचें आहे, एवढेंच त्यांनीं सांगितलें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गमावलेल्या स्त्रीचे ते शब्द होते. ते दुसऱ्या कोणाच्या लेखणींतून उतरले नसते. त्यांस प्रवेश मिळाला, ११ मार्च १८८६ रोजीं त्या एम्. डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. पतीच्या प्रयत्नानें दरवाजा किलकिला झाला हें खरें. पण आंत जाण्याचें पत्र त्यांचें त्यांनींच लिहिलें. वडील मंडळींच्या कामाची मर्यादा ह्याहून स्पष्ट कशी सांगावी?

एक अडचण मात्र खरोखरच कठीण आहे. मुलास जें सांगावयाचें आहे तें कधीं कधीं घराचें गुपित असतें. आमच्या आप्तांपैकीं एका घरीं असा प्रसंग आला. मुलगी ओहायो राज्यांत वाढलेली. तिचे थोरले काका पुण्यास असतात. त्यांस तरुणपणापासून मनाचा आजार. ही गोष्ट घरांत सर्वांस ठाऊक, घराबाहेर कोणासहि नाहीं. मुलगी एका उन्हाळ्यांत येथें आली असतां दोन महिने काकांच्या औषधपाण्याचें तिनेंच पाहिलें, व वैद्यक घेण्याचा तिचा निश्चय तेव्हांच झाला. अर्जांत तिला हेंच लिहावयाचें होतें. आजोबांनीं साफ नकार दिला. घरची गोष्ट चव्हाट्यावर नको. धाकट्या नातींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत, असें त्यांचें म्हणणें. मुलीचें म्हणणें असें, कीं हें सोडून मी जें लिहीन तें खोटें नसेल, पण खरेंहि नसेल. दोघांनींहि आमचें मत विचारलें.

आजोबांची भीति पोकळ नव्हती. लोक कसे बोलतात हें त्यांनीं जन्मभर पाहिलें होतें. आणि मुलीचा हट्टहि पोकळ नव्हता. आम्हीं इतकेंच म्हटलें, कीं ही गोष्ट आजोबांची नव्हे व नातीचीहि नव्हे. ती काकांची आहे. त्यांस कोणीं विचारलें आहे कां? कोणींच विचारलें नव्हतें. काकूंनीं त्यांची प्रकृति बरी असतां योग्य वेळ पाहून विचारलें. काका बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "माझें नांव नको, आजाराचेंहि नको. गोळ्यांचें लिहूं दे."

मुलीनें गोळ्यांचें लिहिलें. 'गोळी घेतलीत कां?' असें रोज विचारलें कीं काका चिडत व गोळी उशीखालीं लपवीत. तेव्हां तिनें विचारणें सोडलें. तिला स्वतःला लोहाची गोळी घ्यावी लागे. ती घेऊन ती चारच्या चहाच्या वेळीं त्यांच्या शेजारीं बसूं लागली, आणि कांहीं दिवसांनीं दोघेंहि चहाबरोबर आपापली गोळी घेऊं लागलीं. एवढीच हकीकत. आजोबांनीं ती वाचली व कागद कांहीं न बोलतां परत दिला. मुलीस कोठें प्रवेश मिळाला हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. रुग्णाची गोष्ट सांगण्यापूर्वीं रुग्णास विचारावें, हा वैद्याचा धर्म तिला अर्ज भरतांनाच समजला, ही मिळकत लहान नव्हे.

मग वडील मंडळींनीं कांहींच करूं नये काय? पुष्कळ करावें. पहिलें, आठवण पुरवावी. कोणत्या वर्षीं आजी आजारी होती, तेव्हां मुलगा कितवींत होता, हें त्याच्यापेक्षां आईस व आत्यास अधिक ठाऊक असतें. तारखा व क्रम बरोबर असले म्हणजे निम्मी भीति जाते. दुसरें, वेळ मोकळा ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्यें घरीं पाहुणे, मुंज किंवा सहल शक्य तर टाळावी. तिसरें, फीच्या पैशांची तजवीज मेपूर्वींच करावी, म्हणजे कोणत्या विद्यालयाचें उत्तर द्यावयाचें हें खिशाकडे पाहून ऐन वेळीं ठरवावें लागत नाहीं. चौथें, एक साधा तक्ता करून द्यावा: विद्यालयाचें नांव, प्रश्न आल्याचा दिवस, शब्दमर्यादा, उत्तर गेल्याचा दिवस. कित्येक ठिकाणीं ह्याखेरीज 'कॅस्पर' किंवा 'प्रीव्ह्यू' ह्या नांवाच्या, अडचणीच्या प्रसंगीं आपण कसे वागाल हें पाहणाऱ्या परीक्षाहि मागतात. त्यांच्या तारखाहि तक्त्यांत असाव्या. प्रश्न मुख्यतः त्याच त्या जातीचे असल्यामुळें, ते येण्याची वाट न पाहतां जूनमध्येंच कच्चीं उत्तरें लिहून ठेवण्यास मुलास सुचवावें.

आणि शेवटचें, मसुदा वाचावा. पण हातांत शिसपेन्सील असावी, शाई नसावी. जेथें अर्थ लागत नाहीं तेथें खालीं रेघ ओढावी. तेथें काय लिहावें हें सांगूं नये. 'हें वाचून मला तूं दिसलास' किंवा 'हें वाचून तूं दिसला नाहींस', ह्यापलीकडे अभिप्रायाची गरज नाहीं. शाळेंत आमचा अनुभव असा, कीं रेघ ओढलेल्या जागीं मुलानें स्वतः घातलेलें वेडेंवांकडें वाक्य आमच्या घोटीव वाक्यापेक्षां बहुधा अधिक खरें निघे.

इतकें करूनहि पहिल्या वर्षीं प्रवेश न मिळण्याचा संभव असतोच. वर दिलेले आंकडे पुनः पाहावे. अशा वेळीं अर्ज फुकट गेला असें समजूं नये. पुष्कळ उमेदवार दुसऱ्या वर्षीं पुनः अर्ज करतात, व मधल्या काळांत काय केलें हें त्यांस सांगावें लागतें. ज्यानें आपलीं पन्नास उत्तरें आपणच लिहिलीं, त्यास आपण कोठें कमी पडलों हें शोधितां येतें. ज्याचीं काकांनीं लिहिलीं, त्यास तेंहि येत नाहीं.

वैद्याचें आयुष्य दुसऱ्याचें बोलणें ऐकण्यांत जावयाचें आहे. रुग्ण आपल्याच शब्दांत, अडखळत, मागचें पुढें करीत आपलें दुःख सांगणार. वैद्यानें तें त्याच्या तोंडून न काढून घेतां पुरें ऐकावयाचें. हा संयम त्या तरुणानें कोठून तरी शिकला पाहिजे. आपण मोठ्यांनीं त्याचें सांगणें असेंच पुरें ऐकून घेतलें, तर त्याचा पहिला धडा घरींच मिळेल.